भाकरी ताजी, ब्लॉक शिळा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय सिमेंटच्या ब्लॉकवर, तेच राखाडी ठोकळे, पोकळ नि भरीव, रोडच्या कडेला थप्प्या लावलेले असतात ते.

आधी माझीच फजिती सांगतो. औशाकडं शेतात एक खोली बांधली. मे महिना, गवंडी चार दिवस रिकामा होता म्हणून सगळी घाई. ब्लॉकवाला फोनवर म्हणला, "काका, माल एकदम ताजा हाय." मला वाटलं बरंच झालं की! अहो, भाकरी ताजी असावी, ब्लॉक शिळाच पाहिजे. दिवाळीपर्यंत खिडकीखालून एक सरळ उभी भेग पडली आणि कोपऱ्यात दुसरी, ती मात्र जिन्यासारखी सांध्यासांध्यानं उतरलेली.

दोन भेगा, दोन कारणं. उभी भेग कच्च्या ब्लॉकची. ब्लॉक वाळताना थोडा आखडतो, आणि तो भिंतीत बसल्यावर आखडला की भिंतच फाटते. ब्लॉकच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 2185 मध्ये, लिहिलेलंच आहे, ब्लॉक किमान 14 दिवस ओला ठेवायचा आणि मग वापरायच्या आधी 4 आठवडे वाळू द्यायचा. म्हणजे झाले सहा आठवडे. आता आपल्याकडं पाण्याचं काय विचारता, 2016 ला लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आणावं लागलं, मग उन्हाळ्यात ब्लॉकवाला दोन दिवस पाणी मारतो न गाडी भरतो. म्हणून थप्पीवर तारीख लिहायला लावा, आणि शक्यतो दोन महिने आधीच घेऊन ठेवा, सावलीत, पावसात भिजणार नाहीत असे. आणि हो, विटेसारखं हौदात बुडवायचे नाहीत, तसं केलं तर वाळवणीचं सगळं मुसळ केरात. लावताना वरून नुसता हलका पाण्याचा हात फिरवायचा. गवंड्याला हे दहादा सांगावं लागतं, त्याचा हात विटेवर बसलेला असतो.

कोपऱ्यातली जिन्याची भेग ही काळ्या मातीची. आपली काळी पावसाळ्यात फुगते न उन्हाळ्यात अशी फाटते की बैलाचा पाय अडकावा, तिच्यावर पाया ठेवला की घर दरवर्षी वर-खाली होणार. माझा पाया जेमतेम तीन फूट गेला होता, खाली अजून काळीच होती, आणि मी म्हणलं एका खोलीला किती खोदायचं! तर कडक मुरूम लागेपर्यंत खोदा, मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्या. निघालेली काळी माती परत पायात भरू नका, मुरूम आणून पाणी मारून धुमसा. पायात पोकळ ब्लॉक रिकामा लावायचाच नाही, भरीव घ्या नाहीतर आपला काळा दगड हायच, आणि जोत्याला सळई घालून पट्टा ओता.

पट्ट्याचं जरा थांबून सांगतो, कारण 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारीकडं दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. भिंत जाड होती, पण दगडाला दगड बांधलेला नव्हता. पोकळ ब्लॉकची भिंत हलकी असते खरी, पण पट्टा नसला तर तीही कोसळते. म्हणून जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि पत्रा असेल तर पत्र्याखाली, असा चहूबाजूंनी न तुटणारा काँक्रीटचा पट्टा पाहिजे. कोपऱ्यातल्या ब्लॉकच्या पोकळीत पायापासूनच उभी सळई घेऊन काँक्रीट भरायचं. पोकळीचा हा फायदा विटेत नाही.

माझ्या खोलीला पट्टा होता म्हणून ती अजून उभी आहे. कोपऱ्यातली भेग मी दरवर्षी दिवाळीला पुट्टीनं भरतो, होळीपर्यंत ती परत उघडते, आणि बायको आता तिथं कॅलेंडर लावते.