मदत करण्याचं कृपादान

नमस्कार श्रोतेहो.

पवित्र आत्म्याच्या कृपादानांचा, म्हणजे देवाचा आत्मा माणसाला देतो त्या खास देणग्यांचा विषय निघाला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बोलणं लगेच दोन गोष्टींवर येतं. एक, अन्य भाषांत बोलणं, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलणं. दुसरी, प्रार्थनेनं आजार बरे होणं. कोणाला हे दान मिळालं, कोणाला नाही, ते आजही मिळतं की प्रेषितांच्या काळाबरोबर थांबलं, यावर कितीतरी घरांत, कितीतरी मंडळ्यांत वाद झाले आहेत. प्रेषित पौलानं मात्र नव्या करारातल्या आपल्या पत्रात, त्याच यादीत आणखी एक दान लिहून ठेवलं आहे आणि त्यावरचे उपदेश मी फार थोडे ऐकले आहेत. ते दान म्हणजे मदत करणं.

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय बारावा, वचन अठ्ठाविसावं. देवानं मंडळीत कोणाकोणाला नेमलं ते पौल सांगतो. प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, मग अद्भुत कार्यं, मग रोग बरे करण्याची दानं. आणि त्याच दमात मदत करणं आणि कारभार पाहणं. भाषांत बोलणं त्याच्याही नंतर येतं. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बाई आणि मंडळीचा हिशोब चोख ठेवणारा माणूस, दोघंही पौलाच्या मते त्याच आत्म्याचं दान वापरत असतात.

पौलाला हे लिहावं का लागलं, ते ग्रीसमधलं करिंथ शहर कसं होतं हे पाहिल्यावर कळतं. रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं आणि जवळपास शंभर वर्षांनी, इ. स. पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरनं ते पुन्हा वसवलं. दोन समुद्रांच्या मधलं व्यापाराचं ठिकाण. तिथं नव्यानं पैसा हाती आलेले लोक होते, कारागीर होते, गुलामीतून सुटलेले होते आणि गुलामही होते. ही सगळी माणसं संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत घ्यायच्या जेवणाला, एकत्र यायची. त्या पंगतीत काय चालायचं, ते अकराव्या अध्यायात आहे. काही जण आपापलं जेवण आधीच उरकून घेत. एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन झिंगलेला असे. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असं पौल त्यांना रोखठोक विचारतो. आणि लगेच पुढच्या अध्यायात कृपादानांचा विषय काढतो.

हे दोन अध्याय आपण वेगवेगळ्या रविवारी वाचतो, म्हणून त्यांचा संबंध निसटतो. मला तर ते एकच भांडण वाटतं. जेवणात मान कोणाचा मोठा आणि उपासनेत मान कोणाचा मोठा, एवढाच फरक. म्हणूनच पौल शरीराचा दाखला देतो: मंडळी हे एक शरीर आणि आपण सगळे त्याचे अवयव. हा दाखला त्या काळी नवा नव्हता. रोममध्ये सामान्य लोक सत्ताधाऱ्यांवर रुसून शहराबाहेर निघून गेले, तेव्हा मेनेनिअस अग्रिप्पा नावाच्या पुढाऱ्यानं त्यांना पोट आणि हातपायांची गोष्ट सांगून परत आणलं, अशी कथा रोमन लोक सांगत. तिचा अर्थ असा, की पोटाला खाऊ घाला, त्यातच तुमचं भलं आहे. पौलानं तीच उपमा घेतली आणि पार फिरवली. जे अवयव दुबळे दिसतात ते अधिक गरजेचे आहेत, आणि ज्याला कमी मान त्याला देवानं जास्त मान दिला आहे, असं तो म्हणतो. गुलामाच्या कानांवर हे शब्द पडले असतील तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा विचार केला की आजही माझा गळा दाटून येतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या मुली आणि बाया घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यांच्यासाठी उभं राहिलं. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विधवा, अनाथ, अंध, म्हाताऱ्या, समाजानं टाकलेल्या. इतक्या जणींनी एकत्र राहायचं म्हणजे पाणी, धान्य, दळण, कपडे, आजारपण, सगळंच आलं. शेती होती, विणकाम होतं, तेलघाणी होती, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचं काम रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी केलं.

१९०५ साली याच मुक्तीमध्ये मोठं संजीवन झालं, म्हणजे श्रद्धेला नव्यानं जाग आणणारी लाट आली. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या संजीवनाच्या बातम्या आल्या होत्या आणि त्या वर्षाच्या सुरुवातीपासून तिथं रोज प्रार्थना चालू होती. जूनअखेर मुली रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांतही बोलल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरचं प्रसिद्ध संजीवन सुरू झालं ते एप्रिल १९०६ मध्ये, म्हणजे केडगावच्या नंतर. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पराइसो शहरात राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीकडे, मे हूवर यांच्याकडे गेली आणि १९०९ मध्ये चिलीत जे संजीवन झालं त्याला तिचा हातभार लागला. केडगावच्या दुष्काळपीडित मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत पोचली. हे आपल्या किती मराठी ख्रिस्ती तरुणांना माहीत आहे?

तो गोंगाट, ते हुंदके काही परदेशी मिशनऱ्यांना पसंत नव्हते. रमाबाई मुलींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. भारतीय स्त्रियांनी आपल्या रीतीनं देवाला हाक मारावी, असं त्यांचं मत होतं. भाषांत बोलणं हे खरं दान आहे, असंही त्या मानत. पण आत्मा मिळाल्याची तीच एक खूण आहे, आणि ती प्रत्येकात दिसलीच पाहिजे, याला शास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. इतक्या मोठ्या अनुभवाच्या ऐन भरात इतकं शांत डोकं ठेवणं, हेसुद्धा मला दानच वाटतं.

पण मुक्तीचं मोठेपण मला दिसतं ते आणखी एका गोष्टीत. प्रार्थना करणाऱ्या वेगळ्या आणि जात्यावर बसणाऱ्या वेगळ्या, अशी वाटणी तिथं नव्हती. सकाळी दळण-धुणं करणाऱ्या हातांच्या मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्ख्या पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या तोवर त्यांचं हे काम चालू होतं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी. कधीकाळी अक्षर ओळखत नसलेल्या स्त्रियांनी खिळे जुळवले. त्याला कृपादान म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आपल्या आजच्या मंडळ्यांत ही वाटणी फार पक्की झाली आहे. प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटे चारला उठून भात टाकणाऱ्या बायकांना शेवटी "भगिनींचे आभार" एवढं एक वाक्य मिळतं, आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या निवडीत त्यांचं नाव कोणी सुचवत नाही. मदतीला नुसतं दान म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यामुळे त्याच त्या बायकांवर आणखी काम पडण्याचीच भीती. पण दान म्हटलं की मान आला, आणि मान आला की ऐकून घेणं आलं. कोणती विधवा तीन रविवार दिसली नाही, कोणाच्या मुलाची फी थकली, कोणत्या घरात दारू शिरली, हे ज्या बाईला माहीत आहे तिला मंडळीच्या सभेत बसवा. तिला विचारा. आणि ज्याला वचनावर छान बोलता येतं, त्याला एखाद्या रविवारी पंगत वाढायला उभं करा. त्यानं त्याच्या उपदेशाचं काही बिघडणार नाही.

पौलाच्या या पत्राचा शेवटचा अध्याय सुरू होतो तो यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा करायच्या वर्गणीपासून. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, असं तो सांगतो. आणि तो पैसा नेणारी माणसं तुम्हीच निवडा, म्हणतो; मी त्यांना पत्रं देऊन पाठवीन. जेवणावरून आणि दानांवरून भांडणाऱ्या याच मंडळीवर त्यानं हे काम सोपवलं. यरुशलेमचे ते गरीब करिंथकरांनी कधी पाहिलेही नव्हते.