नाव पुसलं, माणूस उरला

ऑगस्ट २००६. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून एक फाइल इंटरनेटवर खुली केली. सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत काय काय सर्च केलं, ते सगळं तिच्यात होतं. जवळपास दोन कोटी शोध. नाव कुणाचंच नाही. प्रत्येकाला नुसता एक क्रमांक. कंपनीच्या लेखी गोपनीयतेचं काम झालं होतं.

पण माणूस शोधतो काय? आपल्या भागातले घरांचे भाव. आपल्याच आडनावाची माणसं. रात्री दोन वाजता, एखाद्या दुखण्याचं लक्षण. घरच्यांना सांगायच्या आधी आपण ते सर्चच्या चौकटीत लिहून मोकळे होतो. हे शोध एकाखाली एक वाचत गेलं की क्रमांकामागचा माणूस दिसायला लागतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची बाई शोधून काढली. एओएलनं फाइल त्याआधीच घाईघाईनं हटवली होती. पण तोवर फाइलच्या प्रती सगळीकडे पोचल्या होत्या.

बरं, काहीच शोधलं नाही तर? तरी ब्राउझर उघडलेल्या साइटशी बोलतोच. स्क्रीन केवढी, टाइम झोन कुठला, फॉन्ट कोणते, आवृत्ती कितवी. यातली एकेक गोष्ट लाखोंकडे सारखी असते. सगळ्या एकत्र जुळणं मात्र अवघड. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं चाचणीला आलेले सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले. त्यातल्या जवळपास ८४ टक्के ब्राउझरसारखा दुसरा सापडलाच नाही. कुकी, म्हणजे साइटनं आपल्या मशीनवर ठेवलेली छोटी नोंद, निदान पुसता तरी येते. हा ठसा आपल्या मशीनवर साठवलेलाच नसतो, मग पुसणार काय?

दक्षिण कोरियानं उलटी वाट धरली. टोपणनावाआडून शिवीगाळ होते ना, मग ओळख पटवणंच सक्तीचं करू! २००७ पासून मोठ्या वेबसाइटवर लिहायचं तर आधी खरी ओळख द्यावी लागे. ऐकायला ठीक वाटतं. पण गोळा केलेली माहिती कुठेतरी सांभाळावी लागते, आणि चोरांचं लक्ष तिथेच असतं. २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या लोकप्रिय साइटवरून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांचा तपशील चोरीला गेला. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास!

आणि शिवीगाळ? ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयानं हा नियम एकमतानं रद्द केला. नियमामुळे बेकायदा मजकूर फारसा घटल्याचं दिसत नाही, उलट लोक परदेशी साइटकडे वळले, असं न्यायालयानं नोंदवलं.