एलानो: फोटोच्या कडेला उभा असलेला माणूस

(पडद्यावर: फातोर्डा स्टेडियम, मडगाव. रात्रीचे दिवे, भरलेले स्टँड.)

15 ऑक्टोबर 2014. मडगावचं फातोर्डा. इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा सुरू होऊन जेमतेम तीन दिवस झालेत. एफसी गोवाचा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर. समोर चेन्नईचा संघ, चेन्नईयिन. पाहुण्यांना फ्री किक मिळते. तेहतीस वर्षांचा एक ब्राझिलियन चेंडू हातात घेतो, जागेवर ठेवतो, दोन पावलं मागं सरतो.

गंमत अशी की गोव्याच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून झिको बसलाय. फ्री किक कशी मारावी हे ब्राझीलच्या दोन पिढ्या ज्याच्याकडे बघून शिकल्या, तो झिको. त्याच्या डोळ्यांदेखत चेंडू आडव्या उभ्या खेळाडूंची भिंत ओलांडतो आणि जाळ्यात जातो. चेन्नईयिन तो सामना 2-1 जिंकते.

फ्री किक मारणाऱ्याचं नाव एलानो ब्लूमर. मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला. फातोर्डाला पोचेपर्यंत त्याच्या पासपोर्टवर युक्रेन, इंग्लंड आणि तुर्कस्तान होऊन गेलं होतं.

(पडद्यावर: उसाची शेतं, लाल मातीचा रस्ता.)

साओ पाउलो राज्याच्या आतल्या भागात इरासेमापोलिस नावाचं लहानसं गाव आहे. उसाचा पट्टा. एलानो तिथला, जन्म 14 जून 1981. 2001 साली तो सांतोसला आला. पेलेचा क्लब. पण पेलेनं क्लब सोडल्यानंतर सांतोसला राष्ट्रीय विजेतेपद असं लाभलंच नव्हतं. 2002 साली प्रशिक्षक एमर्सन लेआव यांनी पोरांचा संघ उभा केला. पोरांचा म्हणजे अक्षरशः: दिएगो सतरा वर्षांचा, रॉबिन्यो अठरा. त्यांच्यात एकवीस वर्षांचा एलानो म्हणजे थोरला भाऊ.

अंतिम लढत कोरिंथियन्सशी, दोन सामन्यांची. पहिला सांतोसनं 2-0 जिंकला. दुसऱ्यात, 15 डिसेंबरला, रॉबिन्यो चेंडूवरून एकामागून एक पाय फिरवत सुटला. ब्राझीलमध्ये याला ‘पेडालाडा’ म्हणतात, सायकलचं पायडल मारल्यासारखं. बचावपटू मागं मागं सरकत राहिला आणि शेवटी त्यानं पाडलंच. पेनल्टी, गोल. आजही त्या सामन्याचं नाव काढलं की हीच चित्रफीत दाखवतात.

पुढचं कुणी दाखवत नाही. कोरिंथियन्सनं उत्तरार्धात दोन गोल केले. सामना 2-1. आणखी एक पडला असता तर दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली असती. घड्याळात दोनच मिनिटं उरलेली. तेव्हा बरोबरीचा गोल एलानोनं केला आणि कोरिंथियन्सचा श्वास तिथंच तुटला. मग सांतोसच्याच लेओनं तिसरा मारला.

माझ्या मते एलानोची सगळी कारकीर्द या एका सामन्यात सापडते. फोटो रॉबिन्योचा, गोल एलानोचा.

(पडद्यावर: बर्फ, कोळशाच्या खाणीचे डोंगर.)

2004 मध्ये सांतोसनं पुन्हा लीग जिंकली आणि 2005 च्या सुरुवातीला एलानो डोनेत्स्कला गेला. शाख्तार डोनेत्स्क. ‘शाख्तार’ म्हणजे खाणकामगार. क्लबचं नावच कोळशातून आलेलं. ब्राझिलियन मुलं त्या थंडीत काय करत होती, असं वाटेल. पण रोमानियन प्रशिक्षक मिर्चा लुचेस्कू यांचं गणित सरळ होतं: बचावाला पूर्व युरोपातली माणसं, पुढं ब्राझीलची. फर्नांडिन्यो, जॅडसन, मातुझालेम, एलानो. दोन वेळा लीग जिंकली. पण टीव्हीवर डोनेत्स्क बघतो कोण?

दुंगानं बघितलं. 2006 च्या विश्वचषकानंतर ब्राझीलची सूत्रं त्याच्याकडे आली. स्वतः राबणारा मिडफिल्डर असलेल्या या माणसाला नुसत्या कलाकारांचा संघ नको होता. 3 सप्टेंबर 2006 ला लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर ब्राझील विरुद्ध अर्जेंटिना. डोनेत्स्कहून आलेल्या एलानोनं दोन गोल केले. ब्राझील 3-0. आणि बोलबाला कशाचा? तिसऱ्या गोलाचा. ब्राझीलचा खेळाडू काका, त्यानं आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेतला तो थेट गोलपर्यंत पळवला. खरोखरच अप्रतिम गोल. फोटोत पुन्हा दुसराच.

2007 ची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा, ब्राझीलनं जिंकली. अंतिम सामन्यात एलानो पहिल्या अकरात होता, पण अर्ध्या तासातच दुखापतीनं बाहेर आला. बदली उतरला डॅनी आल्वेस आणि त्यानंही गोल केला. ही बदली लक्षात ठेवा.

(पडद्यावर: मँचेस्टर, आकाशी जर्सी, पाऊस.)

ऑगस्ट 2007. मँचेस्टर सिटी. आजची नव्हे, तेव्हाची सिटी म्हणजे शहरातला दुसरा क्लब. मालक थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा, प्रशिक्षक स्वेन-गोरान एरिक्सन. एलानोची किंमत साधारण 80 लाख पौंड. सप्टेंबरअखेर न्यूकॅसलविरुद्ध त्यानं लांबून मारलेली फ्री किक वरच्या कोपऱ्यात अशी घुसली, की गोलरक्षकानं मारलेली उडी शोभेपुरतीच उरली. जुन्या सिटीवाल्यांना आजही ती आठवते.

मोसमाचा शेवट मात्र विचित्र. मिडल्सबरोविरुद्ध सिटी 8-1 हरली. तो ‘एक’ एलानोचा. आठ गोल खाणाऱ्या संघाकडून शेवटच्या मिनिटांत गोल करणारा माणूस जिद्दी म्हणायचा की दुर्दैवी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एरिक्सन गेले, मार्क ह्यूज आले. 1 सप्टेंबर 2008 ला अबुधाबीचा पैसा आला आणि त्याच दिवशी सव्वातीन कोटी पौंडांना कोण आला? रॉबिन्यो! सांतोसचा धाकटा भाऊ मोठा होऊन आला आणि थोरला हळूहळू बाकावर सरकला. 2009 मध्ये एलानो इस्तंबूलला, गलातासरायला गेला.

(पडद्यावर: जोहान्सबर्ग, जून 2010. व्हुव्हुझेला पिपाण्यांचा आवाज.)

दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक. क्लबमध्ये काहीही होवो, दुंगाच्या संघात उजवीकडची जागा एलानोचीच. उत्तर कोरियाविरुद्ध 2-1, एक गोल त्याचा. 20 जूनला आयव्हरी कोस्टविरुद्ध 3-1, त्यातही एक त्याचा. दोन सामने, दोन गोल. त्याच्या शिनपॅडवर, म्हणजे नडगीवरच्या संरक्षक पट्टीवर, स्वतःच्या मुलींची नावं होती. गोल झाला की तो मोजा खाली सारून ते शिनपॅड बाहेर काढून दाखवायचा.

त्या दुसऱ्या गोलानंतर काही मिनिटांतच आयव्हरी कोस्टच्या चेक तियोतेच्या बुटाचे खिळे त्याच्या नडगीवर बसले. जी पट्टी दाखवून तो आनंद साजरा करत होता, नेमकी तीच जागा. स्ट्रेचरवरून बाहेर. पुढचे सामने आले, तो बरा झाला नाही. 2 जुलैला पोर्ट एलिझाबेथमध्ये उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सनं ब्राझीलला 2-1 हरवलं, तेव्हा उजवीकडे खेळत होता डॅनी आल्वेस. एलानो असता तर? फुटबॉलमध्ये ‘जर-तर’ला अर्थ नसतो म्हणतात. पण चहाच्या टपरीवर फुटबॉल निघाला की निम्मं बोलणं जर-तरचंच असतं, आणि दुंगाच्या संघाचा तोल त्या नडगीबरोबर गेला असं मला वाटतं.

(पडद्यावर: सांतोसचं विला बेल्मिरो मैदान.)

तो घरी परतला. सांतोसमध्ये आता नवा पोरगा होता, नेमार. 2011 मध्ये सांतोसनं कोपा लिबर्टाडोरेस, दक्षिण अमेरिकी क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, जिंकली, 1963 नंतर प्रथमच. जूनमध्ये डोक्यावर घेतलेल्या एलानोला जुलैनं मात्र सोलून काढलं. 17 जुलैला कोपा अमेरिकेत पॅराग्वेविरुद्ध पेनल्टी शूटआउट. पहिला एलानो. चेंडू बारवरून आकाशात. ब्राझीलनं चारही पेनल्टी घालवल्या. पण आधी जातो त्याचं नाव आधी निघतं.

दहा दिवसांनी, 27 जुलैला, विला बेल्मिरोवर फ्लामेंगोविरुद्ध सांतोस 3-2 नं पुढं. पुन्हा पेनल्टी, पुन्हा एलानो. हा गडी काय करतो, तर चेंडू हळूच मधोमध चिप करतो! गोलरक्षक फेलिपे जागेवरच उभा. त्यानं चेंडू अलगद झेलला आणि वर पायावर दोनदा उडवूनही दाखवला. फ्लामेंगो 5-4 जिंकलं. रोनाल्डिन्योची हॅटट्रिक आणि नेमारचा तो गोल, ज्याला वर्षातल्या सर्वोत्तम गोलाचा पुस्काश पुरस्कार मिळाला. या शतकातल्या ब्राझीलमधल्या सर्वोत्तम सामन्यांत तो मोजतात. एकदाचा एलानोही फोटोत आला, पण असा.

मग ग्रेमियो, थोडे दिवस फ्लामेंगो. आणि मग चेन्नई.

(पडद्यावर: चेन्नई, नेहरू स्टेडियम, निळे झेंडे.)

2014 ची इंडियन सुपर लीग. प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही भूमिकांत इटलीचा मार्को माटेराझ्झी. फातोर्डाच्या सामन्यानंतर दोन आठवड्यांत मुंबई सिटी चेन्नईत आली आणि 5-1 मार खाऊन गेली. त्यातले दोन एलानोचे. मोसमअखेर 8 गोल आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याचा गोल्डन बूट. एका मिडफिल्डरनं स्ट्रायकरांच्या नाकावर टिच्चून नेलेला. इथं कडेला उभं राहायला दुसरा कुणी मोठा नव्हताच, पोस्टरवर तोच.

2015 मध्ये तो परत आला. डिसेंबरात चेन्नई पुरात बुडाली आणि चेन्नईयिनला उपांत्य फेरीचा घरचा सामना पुण्यात, बालेवाडीत खेळावा लागला. कोलकात्याला त्यांनी 3-0 हरवलं आणि 20 डिसेंबरला अंतिम सामन्यासाठी संघ पोचला कुठं? फातोर्डाला. समोर एफसी गोवा. बाकावर झिको.

गोवा शेवटच्या मिनिटांपर्यंत 2-1 नं पुढं होतं. स्टँडमध्ये नाच सुरू झाला होता. मग गोव्याचा एक स्वयंगोल, लगोलग चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल, आणि चषक चेन्नईला. मैदानात धक्काबुक्की झाली, गोव्याच्या सहमालकांनी तक्रार दिली आणि एलानोला गोवा पोलिसांनी अटक केली. जामिनावर सुटून तो गेला. पुढं लीगच्या शिस्तपालन समितीनं त्या रात्रीच्या प्रकरणात दंड ठोठावला तो एफसी गोवाला.

2016 मध्ये सांतोसच्याच जर्सीत तो थांबला. नंतर प्रशिक्षक झाला. 2020 मध्ये त्याच्या हाती एक संघ होता: इंटर दे लिमेरा. नकाशात लिमेरा शोधा, आणि बोट जरासं सरकवा. उसाची शेतं लागतात. तिथं इरासेमापोलिस.

(पडद्यावर: संध्याकाळ. रिकामं मैदान, चेंडू ठेवलेला.)