बूट नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी. हल्ली बरीच तरुण पोरं स्वतःचा बुटांचा ब्रँड काढायचं म्हणतात, डिझाईन इथं करायचं आणि माल चीन नाहीतर व्हिएतनामच्या फॅक्टरीतून बनवून घ्यायचा, आणि मग विचारतात की सुरुवात कुठून करू. तर आज एका बुटाची गोष्ट सांगतो, कारण परदेशातल्या कारखान्याबरोबर नवीन बूट काढताना जे जे होतं ते सगळं त्या एका बुटात आलंय.

साल १९६२. फिल नाइट नावाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा जपानमधल्या कोबे शहरात ओनित्सुका कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसला, त्यांचे टायगर नावाचे धावायचे बूट त्याला अमेरिकेत विकायचे होते. तुमची कंपनी कुठली विचारल्यावर त्याने ब्लू रिबन असं नाव सांगून टाकलं, तेव्हा तशी कंपनी अस्तित्वातच नव्हती. मग १९६४ मध्ये त्याने ओरेगॉन विद्यापीठातले आपले कोच बिल बॉवरमन यांना भागीदार केलं, दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घातले आणि माल मागवला.

इथपर्यंत नुसतंच ट्रेडिंग होतं. पण बॉवरमनना बूट उसवून आत बघायची सवय. १९६५ मध्ये केनी मूर या त्यांच्या धावपटूच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा कोचनी कुठले बूट घालून पळत होतास म्हणून विचारलं, तो बूट मागून घेतला आणि फाडून बघितला, तर आत पायाच्या कमानीला आधारच नाही. मग त्यांनी नवीन तळ बसवला, पंजाखाली आणि टाचेच्या वरच्या थराला मऊ स्पंज रबर, टाचेच्या मधोमध कडक स्पंज, आणि सगळ्याच्या खाली टिकाऊ घट्ट रबर. ते सगळं कोबेला पाठवून दिलं की असा बूट करा.

आणि मला इथं कौतुक वाटतं ते कोबेच्या माणसांचं. गिऱ्हाईक सांगतंय म्हणून डोळे झाकून शिवायचं किंवा आम्हाला शिकवू नका म्हणून परत पाठवायचं, दोन्ही सोपं होतं, पण त्यांनी तो विचार समजून घेतला आणि सँपल करून पाठवलं. मुळात ओनित्सुका किहाचिरो हा मालकच तसा होता, जेवताना ऑक्टोपसचे चोषक बघून त्याला जमिनीला पकडून राहणाऱ्या बास्केटबॉल बुटाच्या तळाची कल्पना सुचली होती. पाय कसा दुखतो ते ओरेगॉनच्या ट्रॅकवर कळत होतं आणि रबर कसं वागतं ते कोबेच्या कारखान्यात, दोघांपैकी एकट्याला हा बूट जमला नसता असं माझं ठाम मत आहे. त्या बुटाचं नाव कॉर्टेझ, आणि तो धडाधड खपला.

पुढे मात्र बिनसलं. जपानी कंपनी दुसरे डिस्ट्रीब्युटर बघायला लागली, इकडे नाइटने दुसरीकडून बूट बनवून घेऊन नाइकी नावाने विकायला सुरुवात केली, आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९७४ मध्ये ओरेगॉनच्या कोर्टाने निकाल दिला की बूट दोघांनीही विकावा पण कॉर्टेझ हे नाव अमेरिकन कंपनीचं, म्हणजे नाइटच्या ब्लू रिबनचं, जी पुढे नाइकी झाली. म्हणून तोच बूट ओनित्सुकाकडे कोर्सेअर म्हणून मिळतो, दोन्ही शेजारी ठेवून बघा, सख्खे भाऊ वाटतील.

आता आपल्या पोरांसाठी कामाचं सांगतो. तळाचा मोल्ड म्हणजे साचा प्रत्येक साईझचा वेगळा लागतो, पैसे तुम्ही भरता पण मोल्ड राहतो त्यांच्या फॅक्टरीत, तर तो मोल्ड कुणाचा आणि त्यातून दुसऱ्याला माल काढून देता येईल का हे पहिलं ड्रॉइंग पाठवायच्या आधी लेखी घ्या. चीनमध्ये ट्रेडमार्क जो आधी नोंदवेल त्याचा, त्यामुळे तुमचं नाव तिथंही नोंदवा. फायनल सँपल पास करताना दोघांनी सह्या करून एकेक जोड आपापल्याकडे ठेवा, माल वेगळा आला तर भांडायला तोच हातात असतो, आणि सही करायच्या आधी तो जोड कुणाला तरी पावसातून, खडीवरून रोज घालून फिरायला लावा, टेबलावर सगळेच बूट छान दिसतात. शिवाय भारतात आता बऱ्याच प्रकारच्या पादत्राणांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि त्यासाठी बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं लायसन त्या परदेशी फॅक्टरीकडे असावं लागतं, ते आधी विचारा, नाहीतर माल बंदरातच अडकेल.

आणि मंडळी, हे सगळं दुसऱ्या बाजूनेही बघायची वेळ आलीय. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता, आणि इकडे २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ओरड झाली तेव्हा प्रेरणा भारतीय चपलांचीच असं कंपनीने मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या दोन्ही चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, दोन हजार जोड बनवायचे, एका जोडाची किंमत साधारण आठशे युरो. म्हणजे इटलीवाल्यांसाठी परदेशी कारखाना कोण, तर आपले कारागीर. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, वेणी, कान, हे ज्ञान आधीपासून आपल्याकडे आहे, ते काही मिलानहून आलेलं नाही. म्हणून माझं मागणं एवढंच की उद्या या कामातून एखादं नवीन डिझाईन निघालं तर त्यावर हक्क कुणाचा, ते विकून आलेल्या पैशात शिवणाऱ्याचा वाटा किती, हे करारात काय लिहिलंय ते कारागिरांना समोर बसवून मराठीत आणि कानडीत वाचून दाखवावं, आणि त्यांना पटलं नाही तर बदलावं.