धायटीला अंगणात जागा द्या

श्रोतेहो, नमस्कार.

माघ-फाल्गुनात घाटातून जाताना, रस्त्यासाठी डोंगर कापलेल्या दरडीवर लाल फुलांनी लगडलेली झुडपं तुम्ही पाहिली असतील. ती धायटी. संस्कृतात धातकी. मेंदी आणि आपलं राज्यपुष्प ताम्हण हे तिचे कुळातले सोयरे. दशमूलारिष्ट किंवा अर्जुनारिष्ट घरात येत असेल, तर ते आंबवताना धायटीचीच फुलं घातलेली असतात.

बाग अजून हिवाळ्यातून जागी होत नाही, तोच ही फुलते. गंमत अशी की जो लाल रंग आपल्याला दिसतो तो पाकळ्यांचा नव्हेच. पाकळ्या अगदी बारीक असतात. रंग असतो निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणाच्या, नळीचा. म्हणून तो लवकर झडत नाही. त्या नळीत मध असतो आणि त्यासाठी सकाळी शिंजीर हे चिमुकले पक्षी येतात.

लावायला अंगणाचा तो कोपरा निवडा, जिथे दुसरं काही जगत नाही. मुरूम असो, उतार असो, चालेल. ऊन मात्र भरपूर हवं आणि पाणी साचता कामा नये. पहिल्या पावसानंतर दीड फुटाचा खड्डा करून रोप लावा. चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळे सोडा, कारण तिच्या फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकतात. पहिला उन्हाळा पाणी द्या. मग हात आखडता घ्या. खतपाण्याचे फार लाड केले की नुसता पाला माजतो.

आणि छाटणी! ही गोष्ट मी पोळून शिकलो आहे. पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवरच पुढे कळ्या धरतात. एका दिवाळीला अंगण आवरताना मी झुडूप छाटून टाकलं. त्या साली शिंजीर आले, दोन घिरट्या घालून निघून गेले. अजून मनाला लागून आहे ते. छाटायचं ते फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी.

रोप जंगलातून उपटून आणू नका, ते बहुधा जगतही नाही. देशी झाडांच्या रोपवाटिकेत चौकशी करा. नाहीतर उन्हाळ्यात वाळलेली बोंडं हलकेच चोळा. बी धुळीसारखं बारीक निघतं. ते खोल पेरायचं नाही. ओल्या मातीवर भुरभुरायचं, वर चिमूटभर वाळू टाकायची आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्यायचं.

नमस्कार.