भागीतला कापूस

(दृश्य: हिंगणघाटचा रस्ता. कापसाचे ट्रॅक्टर, मागे जिनिंगची, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याची, पत्र्याची शेड.)

दिवाळीच्या सुमारास वर्धा-यवतमाळच्या गावागावांत वजनकाटे लागतात. खेडा खरेदी, म्हणजे गावातच शेतकऱ्याकडून कापूस विकत घेणं, सुरू होते. हा धंदा एकट्याचा क्वचितच असतो. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे गाडी आणि ओळखी. बहुतेक वेळा साळा-जावई, नाहीतर शाळेतले सोबती. कागद होत नाही. "आपल्यात कायची लिखापढी?"

ही भागी, म्हणजे भागीदारी, भांडणातून मोडते, असं गावाला वाटतं. भांडणाच्या कितीतरी आधी वजनं बोलायला लागतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे गाठीमागे सुमारे पाच क्विंटल कापूस. पानठेल्यावर बसणाऱ्यालाही हे गणित पाठ असतं. तरी भागीदार म्हणतो, "यंदा घट लय आली," आणि समोरचा मान हलवतो.

घट येते, हे खरंच. पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतो, वाळला की वजन उतरतं. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही, ते उगाच नाही. पण आज मोजला आणि उद्या जिनिंगला गेला, त्या मालात दर खेपेला तेवढीच घट कशी? गावच्या काट्याची पावती आणि धर्मकाट्याची, म्हणजे गाडीसकट वजन करणाऱ्या काट्याची, पावती शेजारी ठेवून पाहावी. दहा मिनिटांचं काम आहे, पण नात्यात ते कोणी करत नाही.

(दृश्य: आठवडी बाजार.)

गडबडीची दुसरी खूण शेतकऱ्याच्या तोंडून येते, तो आपला चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, मागतो. "भाऊ, चुकारा कधी देता? तुमच्या भागीदारानं सोमवार सांगितला होता." जिनिंगकडून आलेली रक्कम तर केव्हाच जमा झालेली असते.

मग बँक. हंगामाच्या घाईत कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवायची पद्धत सर्रास आहे. खातं एकाच्याच सहीने चालतं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर, जीएसटीचा पासवर्डही त्याच्याकडे. यात फसवणूक असतेच असं नाही. धावपळ त्यालाच करावी लागत असते. पण वही मागितली आणि उत्तर आलं, "माह्यावर भरोसा नाही का तुले?", तर आमच्या मते याहून मोठी खूण नाही.

वही पाहणं हा हक्क आहे. पैसा कितीही कमी टाकलेला असो, १९३२ चा भागीदारी कायदा प्रत्येक भागीदाराला वह्या पाहायला आणि त्यांची नक्कल घ्यायला मुभा देतो. तोच कायदा पुढे कडक होतो. धंद्यासाठी पेढीच्या नावावर एकाने केलेली उधारी दुसऱ्याकडून पूर्णच्या पूर्ण वसूल होऊ शकते. वाटा ठरवून ठेवला नसेल, तर नफा-तोटा सारखाच वाटला जातो, मग पैसा कोणी का जास्त घातला असेना.

पेढीची नोंदणी नसेल तर कराराच्या हक्कासाठी भागीदारावर दावाही लावता येत नाही. पेढी मोडून हिशोब मागता येतो, तेवढाच रस्ता. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तोही बंद केला होता. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली.

(दृश्य: ओसरीवर बसलेली चार माणसं, मध्ये उघडी वही.)

वेगळं व्हायचं ठरलं की सोयरे बसतात, चहा होतो, तोंडी मिटतं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायला कोणी तयार नसतं. घराण्याची बदनामी वाटते. पण ती सूचना दिली नाही, तर नंतर जुन्या नावावर उचललेली उधारीही बाहेर पडलेल्याच्या अंगावर येऊ शकते. पुढच्या हंगामात गाडीवाला आणि शेतकरी मग त्याच्याही दारात उभे राहतात.