कोऱ्या राहिलेल्या गल्ल्या

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या शहरात उतरलेला पाहुणा बहुतेक एकाच वाटेने जातो. वाहनतळ, मुख्य रस्ता, मोठा चौक, फोटो, की परत. मग त्याच चौकाचं चित्र पुढच्या जाहिरातीवर छापलं जातं आणि पुढचा पाहुणाही तिथेच येऊन उभा राहतो.

सुमारे 2007 साली नेदरलँड्सच्या डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधलं नॉरिच, फ्रान्समधलं रुआं आणि जर्मनीतलं कोब्लेन्झ या जुन्या शहरांत एक साधा प्रयोग केला. वाहनतळावर आलेल्यांच्या हाती जीपीएसचं छोटं यंत्र दिलं आणि निघताना परत घेतलं. अशा चालण्याच्या रेषा एकावर एक ठेवल्या की काही रस्ते गडद होतात, काही कोरे राहतात.

जाहिरात करणाऱ्यांची नजर गडद रेषांवर जाते. मला कोऱ्या जागा जास्त बोलक्या वाटतात. पाहुणा तिथवर का पोचला नाही? चढ आहे म्हणून? वळणावर पाटी नाही म्हणून? तसं असेल तर कितीही जाहिरात करा, उपयोग नाही. पण ती गल्ली आहे हेच त्याला कुणी सांगितलं नसेल, तर ते काम जाहिरातीचंच.

रेषेवर आंधळा विश्वासही ठेवू नये. उंच भिंतींमधल्या अरुंद बोळात उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका शेजारच्या बोळात दिसतो. एखादा ठिपका वीस मिनिटं थांबला, तर तो माणूस कोरीवकाम पाहत होता की पाय दुखले म्हणून पायरीवर टेकला होता? हे त्यालाच विचारावं लागतं.

व्हेनिसमध्ये मोबाइलच्या एकत्रित माहितीवरून गर्दीचा अंदाज घेतात. तिथे एप्रिल 2024 मध्ये ठराविक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागू झालं; तेव्हा ते 5 युरो होतं. अशा शहराने नुसतं ‘या’ म्हणून चालत नाही. ‘मंगळवारी या, रात्री मुक्काम करा’ असं सांगावं लागतं.

यंत्र हातात घेणारा निदान ‘हो’ म्हणालेला असतो. खिशातल्या फोनवरून माग काढायचा, तर तोही होकार आधी मागायला हवा.

आणि नकाशावर कोरी दिसणारी गल्ली रिकामी नसते. तिथे माणसं राहतात, मुलं खेळतात. त्यांच्या दाराचं चित्र जाहिरातीत छापण्याआधी ते दार ठोठावून विचारायला हवं.